पेढा भरवणारी बातमी

मे महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याच्या बसस्टँडवर पेपर उघडला की आतल्या पानावर पेढा भरवणारे हात दिसतात. ‘निकालाची परंपरा कायम.’ खाली अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, ओळीनं. मजकूर बहुतेक वेळा शाळेतल्याच एखाद्या सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला. वर ‘तालुका प्रतिनिधी’ एवढं लागलं की झाली बातमी. या प्रतिनिधीला सहसा पगार नसतो, जाहिरातीचं कमिशन असतं. आणि तालुक्यात हमखास जाहिरात कोण देतं? पुढारी, कृषी केंद्रवाले आणि शिक्षणसंस्था.

पत्र आणि शाळा यांचं नातं आपल्याकडे जुनंच आहे. 1832 साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे प्राध्यापक झाले. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षणसंस्था उभी केली आणि ‘महाराष्ट्र केसरी’ही चालवलं. शाळा आणि छापखाना, दोन्ही बहुजनांच्या हक्कांसाठीच्या त्यांच्या एकाच भांडणाची हत्यारं होती. आता भांडण संपलं, देवाणघेवाण उरली.

मोठ्या शहरांतली शिक्षणवार्ता तरी निराळी आहे का? ती शासन निर्णयामागे धावते. पहिलीपासून हिंदीचा आदेश 16 एप्रिल 2025 ला निघाला, 29 जूनला मागे घेतला गेला. मधल्या अडीच महिन्यांत भाषा पुन्हा पुन्हा पहिल्या पानावर आली. वाद खरा होता, पण वर्गात जाऊन कोणी बसलं नाही. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवलेल्या गावांतलं कोरकू पोर पहिलीत येतं, तेव्हा पुस्तकातली मराठीच त्याला परकी असते. लहान मुलावर दुसऱ्याची भाषा लादू नये, असं पानंच्या पानं लिहिणाऱ्यांपैकी कोणी या वर्गापर्यंत आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. त्यासाठी निदान चार दिवस मुक्काम हवा. चार दिवसांत एकच बातमी देणारा माणूस आज कुठल्या संपादकाला परवडतो?

नागपूरचा शालार्थ आयडी घोटाळाही 2025 मध्ये गाजला तो पोलिसांत गुन्हे दाखल झाल्यावर. बोगस शिक्षकांच्या नावानं पगार निघत होते, म्हणजे वर्गाची बातमी होती. ती आली अटकेच्या मथळ्याखाली.

‘प्रथम’ संस्थेचा, मुलांचं वाचन-गणित तपासणारा ‘असर’ अहवाल आला की मात्र सगळे एक दिवस हळहळतात. राज्याची टक्केवारी छापतात, अग्रलेख लिहितात. खरं तर त्या पाहणीचं साधन खिशात मावेल एवढं आहे: एक कागद, त्यावर दुसरीच्या पातळीपर्यंतचा मजकूर आणि थोडी गणितं. तेल्हाऱ्यात कोणीही तो कागद घेऊन कोणत्याही पोरासमोर धरू शकतो.

ओळखीच्या एका प्रतिनिधीला मी तसं सुचवलं. तो हसला. “भाऊ, पोट्टं अडखळलं तं मंग दिवायीची जाहिरात कोन देईन?”