शेरखान आमच्या जिल्ह्याचा

शेरखान आमच्या जिल्ह्याचा, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. भिवपुरीत रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओटीवर अर्धी आळी जमायची. एक जण कौलांवर चढून ॲन्टेना फिरवायचा, दुसरा दारातून ओरडायचा, 'आलं, आलं... गेलं!' मुंग्या निवळल्या की पडद्यावर मोगली यायचा आणि कधीतरी झाडीतून तो आवाज. मोठा नव्हेच. शब्द दातांत धरून मग सोडल्यासारखा. तो नाना पाटेकरांचा होता आणि नाना मुरूड-जंजिऱ्याचे, म्हणजे आमच्या रायगडचेच, हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली.

त्या मोगलीचं गोत्र मोठं गमतीचं आहे. गोष्ट किपलिंगची, त्याचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. रान मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. चित्रं जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ची, ५२ भागांची. दूरदर्शनवरचं हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. आणि वाघाचा घसा कोकणातला. इतक्या ठिकाणांहून गोळा झालेल्या या ऐवजाला आमची पिढी 'आमचं बालपण' म्हणते. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरचे स्टुडिओ नेमकं तेच बालपण नव्यानं रंगवून परत विकताहेत. याला ते 'रीबूट' म्हणतात. आपल्या नाटकवाल्यांचा शब्द जास्त नेमका आहे: 'नव्या संचात'.

मात्र नाटकात संच बदलला तरी संहिता तीच राहते. कार्टूनमध्ये बहुतेक वेळा फक्त नाव तेच राहतं. म्हणून ही परत आलेली कार्टूनं मोजायची कशानं, हा प्रश्न उरतो. 'आमच्या वेळची मजा नाही' हे काही मोजमाप नव्हे; ते वय बोलतं.

मला मोजमाप गावातच सापडलं. भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२पासून चालू आहे. घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या धरणात साठलेलं पाणी नळांतून खाली कोसळतं आणि इथे चक्रं फिरतात. शंभर वर्षांपूर्वीची जनित्रं गेली, नवी आली. आज क्षमता ७५ मेगावॅट आहे. या यंत्रांनाही मराठीत 'संच'च म्हणतात. संच बदलला, पण पाणी तेच आणि उतारही तोच, म्हणून वीज होते. उतार काढून टाका आणि हवा तेवढा चकचकीत संच बसवा, काहीही फिरणार नाही. तेव्हा कुठलंही जुनं कार्टून परत आलं की विचारायचं ते एवढंच: याचा उतार कुठला होता, आणि तो राखला का?

ही-मॅन घ्या. १९८३चं मूळ कार्टून मॅटेल कंपनीची खेळणी खपावीत म्हणून फिल्मेशन स्टुडिओनं काढलेलं. पैसा बेताचा, भाग १३०. त्यामुळे एकदा काढलेली हालचाल भागाभागांत फिरून वापरलेली. तीच धाव, तीच उडी, तलवार उंचावण्याचं तेच दृश्य. आम्हाला ते खटकलं नाही, कारण पोरांना तोच तोपणा आवडतो. कीर्तनातला अभंग ठरल्या जागी यावा तशी ती तलवार यायची. २०२१मध्ये एकाच वर्षात ही-मॅन दोनदा परत आला. एक लहान मुलांसाठी, संगणकावर घडवलेला. दुसरा बापलोकांसाठी, 'रेव्हलेशन' नावाचा, ज्यात पहिल्याच भागात नायक मरतो आणि कथा त्याची लढवय्यी सोबतीण टीला हिच्या हाती जाते. चित्र मूळ मालिकेपेक्षा कितीतरी सरस होतं. तरी जुने चाहते खवळले. ते टीलावर चिडले असं म्हणतात. मला वाटतं, ठरल्या जागी ठरलेली तलवार आली नाही, याची ती चीड होती. उतारच काढून घेतला होता.

याच्या उलट 'डकटेल्स'. स्क्रूज काका हे कार्ल बार्क्स यांनी १९४७ साली कॉमिकसाठी निर्माण केलेलं पात्र. १९८७च्या मालिकेत त्याच्याकडची तीन पोरं ओळखायची ती कपड्यांच्या रंगांवरून. स्वभाव आणि आवाज जवळपास एकच. २०१७च्या नव्या मालिकेनं तिघांना तीन आवाज दिले, तीन स्वभाव दिले, आणि जुन्या मालिकेत कुणी विचारलाच नव्हता तो प्रश्न विचारला: या पोरांची आई कुठे आहे? कंजूष काका, खजिना आणि धाडस हा उतार तसाच ठेवला आणि त्याखाली जास्त ताकदीचं यंत्र बसवलं. २०२१पर्यंत ही मालिका चालली. जुनं प्रेम आणि नवी अक्कल एकत्र नांदू शकतात, याचा हा चांगला दाखला.

'टॉम अँड जेरी'चा धडा वेगळा. १९४० ते १९५८ या काळात हॅना आणि बार्बेरा यांनी ११४ लघुपट केले, सात ऑस्कर मिळवले. पुढे तीच मांजर-उंदराची जोडी जीन डीचकडे गेली. त्यांनी प्रागमध्ये कमी पैशांत १३ लघुपट केले. पात्रं तीच, पाठलाग तोच, तरी काहीतरी सुटलेलं. माझी सहा वर्षांची पुतणी त्यातला एक बघता बघता म्हणाली, 'हा खरा टॉम नाही.' का, तर 'याचं वाजत नाही नीट.' तिला स्कॉट ब्रॅडली हे नाव माहीत असायचं कारण नाही. पण टॉमच्या प्रत्येक पावलाला, प्रत्येक घसरणीला वाद्यमेळातून उत्तर देणारा तो संगीतकार नसल्याचं तिच्या कानांनी पकडलं होतं. कार्टून डोळ्यांनी बघतात हा आपला समज आहे. ते मुख्यतः कानांत राहतं.

हे आपल्या बाबतीत तर दुप्पट खरं आहे, कारण आपलं बालपण डबिंगचं आहे. त्याची कसोटी दोन वेळा लागली. २०१६मध्ये जॉन फॅवरो यांचा 'जंगल बुक' आला. चित्र संपूर्ण नवं: लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत एक खरा मुलगा, बाकी रान आणि जनावरं संगणकातली. पण हिंदी आवृत्तीत शेरखान पुन्हा नाना पाटेकर, आणि प्रसिद्धीसाठी गुलजार-भारद्वाजांचं जुनं गाणंही नव्यानं ध्वनिमुद्रित केलेलं. म्हणजे चित्र बदललं, आवाज ठेवला. २०२५च्या जानेवारीत युगो साको आणि राम मोहन यांचा रामायणावरचा 'द लिजंड ऑफ प्रिन्स राम' पुन्हा चित्रपटगृहांत आला. इथे उलटं: हातानं काढलेलं चित्र जपून, झळाळी देऊन दाखवलं, आणि डबिंग नवं. जाणकारांना आनंद झाला, मलाही झाला. असं रेखाटन आज कुणी करत नाही. पण जुन्या हिंदी डबिंगमुळे रावणाच्या तोंडून अमरीश पुरी ऐकण्याची सवय झालेला कान शेवटपर्यंत रुसलेलाच राहिला. चित्र वाचवलं की कलाकृती वाचली, असं दरवेळी होत नाही.

जुन्याची बाजू घेताना थोडं प्रामाणिकही राहू या. जपानी मोगलीत चित्र कमी हलायचं. पात्र स्थिर आणि मागचं रान सरकतंय, अशी काटकसर होती. त्या संथपणामुळेच मालिकेत मरण आणि एकटेपण मावले, हे खरं. पण आमच्यासोबत ओटीवर बसणारा ठाकरवाडीतला एक सोबती दर रविवारी एकच शंका काढायचा: 'याच्या पायात काटा कसा जात नाय?' रानाचा तो आमच्यातला एकटा जाणकार. २०१६च्या मोगलीच्या अंगावर ओरखडे होते, चिखल होता. त्या शंकेला तब्बल वीस वर्षांनी उत्तर मिळालं, तेही अमेरिकेतून.

आणि पूर्णपणे नव्या कार्टूनांचं काय? तिथेही सरसकट नाक मुरडता येत नाही. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा 'छोटा भीम' २००८चा. लाडू खाल्ला की बळ येतं, हे पॉपायच्या पालकाचंच नातेवाईक सूत्र आहे, आणि भागामागून भाग तेच. पण त्याच घरातून २०१९मध्ये आलेला 'मायटी लिटल भीम' संवादांशिवाय केवळ रांगत्या पोराच्या हालचालींवर उभा राहतो. मुंबईच्या वैभव कुमारेश यांचा 'लॅम्पुट' तर एक नारिंगी गोळा आणि त्याच्या मागे लागलेले दोन शास्त्रज्ञ, एवढ्यावर चालतो. एक शब्द नाही, आणि पडद्यावरच्या हालचालीची जाण इतकी पक्की की ब्रॅडलीच्या काळातल्या टॉमनं मान डोलवावी. ऑस्ट्रेलियाची 'ब्लूई' सात मिनिटांत बाप-लेकींचा खेळ मांडते आणि मोठ्यांचेच डोळे ओले करते. 'मोटू पतलू' मात्र 'लोटपोट' मासिकातली जुनी पात्रं त्रिमितीत आणताना रेषेची सगळी लज्जत हरवून बसलं. तेव्हा भांडण जुनं की नवं असं नाहीच. हालचालीत आणि आवाजात विचार आहे की नाही, एवढंच आहे.

आता स्वतःच्या घराकडे. मराठीत कुठलं कार्टून नव्या संचात आणायचं? सुरुवात तर आपल्याकडेच झाली होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' करून काड्या नाचवल्या. १९३०च्या दशकात 'प्रभात'नं 'जंबूकाका' हा कोल्हा हलवला. पुढे १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी 'एक अनेक और एकता' घडवलं ते विजया मुळे यांनी. संगीत वसंत देसाई यांचं, गाणारी मुलगी साधना सरगम. माणसं आपली, भाषा हिंदी. पुस्तकांतला फास्टर फेणे २०१७ साली पडद्यावर परतला तो मोठा होऊन. १९९१पासून वर्तमानपत्रात भेटणारा चिंटू २०१२मध्ये चित्रपटात आला तो हाडामांसाचा मुलगा होऊन. त्याची ती साधी, हसरी रेष कागदावरच राहिली. जिथे हललेली रेष हवी तिथे आपण कॅमेरा लावतो. कारण उघड आहे: एका मिनिटाच्या चित्रचलनाला लागणारे हात आणि पैसा मराठी बाजार परत देईल याची कुणाला खात्री नाही, आणि हिंदी डबिंग आयतं मिळतं. परिणाम भिवपुरी रोडच्या फलाटावर ऐकू येतो. घरात मराठी बोलणारी पोरं खेळायला लागली की शिनचॅनच्या हिंदीत भांडतात.

नवे संच बसवण्याची चर्चा म्हणूनच मला थोडी परकी वाटते. संच बदलता येतो, पण आधी कुणीतरी माथ्यावर पाणी अडवलेलं असावं लागतं. ते आपण अजून अडवलेलं नाही.

परवा पुतणीला २०१६चा 'जंगल बुक' दाखवत होतो. शेरखान आला आणि मी अभिमानानं सांगितलं, हा आवाज आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा, मुरूडच्या.

'मग त्याला मराठी येतं?'

'येतं की. उत्तम येतं.'

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'मग बोलत का नाही?'