आदिम अरण्याची कल्पना : ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ या ग्रंथाचा पुनर्विचार

बेर्नहार्ड ग्झिमेक व त्यांचे चिरंजीव मिखाएल यांच्या नावावर असलेला ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ हा ग्रंथ १९५९ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्याच नावाच्या त्यांच्या चित्रपटाला १९६० मध्ये सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि पूर्व आफ्रिकेतील गवताळ प्रदेशाचे जे चित्र आज जगाच्या मनात आहे ते बऱ्याच अंशी या दोन कृतींनी घडविले. ग्रंथाचा प्रकार सांगणे मात्र सोपे नाही. तो प्रवासवर्णन आहे, प्राणिगणनेचा वृत्तान्त आहे, पुत्रशोकाचे स्मारक आहे आणि या सर्वांच्या खाली एक कैफियत आहे. पहिल्या तीन अंगांची वाखाणणी पुष्कळ झाली. कैफियतीची उलटतपासणी तितक्या कसोशीने झाली, असे म्हणवत नाही.

कैफियतीचा प्रसंग असा. टांगानिका त्या वेळी ब्रिटिश प्रशासनाखाली होता. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमा नव्याने आखून पूर्वेकडील न्गोरोन्गोरोचा प्रदेश उद्यानातून वगळण्याचा विचार चालू होता. स्थलांतर करणारे कळप वर्षभर नेमके कोठे असतात याची नीट माहिती कोणालाच नव्हती. फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक असलेले ग्झिमेक आणि त्यांचा तरुण मुलगा झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेले लहान विमान घेऊन तेथे गेले ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. जानेवारी १९५८ मध्ये त्यांनी आकाशातून जनावरे मोजली. मोठ्या प्राण्यांची एकूण संख्या भरली ३,६६,९८० आणि त्यांत वाईल्डबीस्ट ९९,४८१.

या आकड्याकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहावे तसे वाङ्मयाच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. धावत्या कळपांवरून विमान नेत, नजरेच्या अंदाजाने केलेल्या मोजणीत शेवटचा एकक खरा असणे शक्य नाही. तरीही तो एकक ग्रंथात आहे, आणि त्याचे काम मोठे आहे. ‘सुमारे एक लाख’ म्हटल्याने जे साधले नसते ते ‘नव्व्याण्णव हजार चारशे एक्याऐंशी’ म्हटल्याने साधते. प्रत्येक जनावर जणू नावानिशी नोंदले गेले आहे आणि त्यांतील एकही गमावणे परवडणारे नाही, अशी भावना वाचकाच्या मनात रुजते. गणनेची पद्धत त्या काळी नवी व धाडसाची होती, आणि पुढील सर्व गणनांचा आरंभ तिच्यापासून होतो. आज साधने कितीतरी सुधारली, तरी संख्येचा वाद मिटलेला नाही. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून वाईल्डबीस्टची संख्या तेरा लाखांच्या आसपास धरली जात असताना, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहचित्रांवरील अभ्यासाने ती सहा लाखांहून कमी सांगितली.

दिनांक १० जानेवारी १९५९ रोजी विमान गिधाडाशी आदळून कोसळले आणि मिखाएल मरण पावला. त्याचे वय चोवीस वर्षांचे होते. ग्रंथ पित्याने पुरा केला. या घटनेने ग्रंथाला जी नैतिक उंची दिली ती कोणीही नाकारणार नाही. परंतु तिच्यामुळेच त्याची चिकित्सा अवघड झाली, हेही नमूद केले पाहिजे. ज्याने मुलगा गमावला त्याच्या युक्तिवादातील दुवा तपासणे टीकाकाराला असभ्यपणाचे वाटते.

तो दुवा असा की, राष्ट्रीय उद्यान खरे टिकावयाचे तर ते आदिम अरण्य राहिले पाहिजे, आणि त्यात माणूस राहता कामा नये, मग तो तेथलाच मूळ रहिवासी का असेना. मासाई लोकांविषयी ग्रंथकाराच्या मनात कुतूहल आहे, क्वचित कौतुकही आहे. पण त्यांच्या गुरांकडे तो पाहतो ते वन्य जनावरांच्या तोंडचे गवत हिरावणारे म्हणून. विलक्षण गोष्ट ही की, ‘सेरेंगेटी’ हे नावच मासाई भाषेतील, अफाट पसरलेल्या माळाचा अर्थ देणाऱ्या शब्दावरून आलेले आहे. माळाला नाव देणारे लोक माळावर उपरे ठरले!

‘आदिम’ हे विशेषणच येथे तपासावे लागते. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडीचा रोग आफ्रिकेच्या ईशान्य टोकावर उतरला आणि थोड्याच वर्षांत दक्षिणेपर्यंत पसरला. मासाईंची गुरे प्रचंड संख्येने मेली. पाठोपाठ देवी व दुष्काळ आले आणि माणसेही मेली. रानरेडे व वाईल्डबीस्ट यांचीही तीच गत झाली. गुरे चरेनाशी झाली, माणसे गवत पेटवीनाशी झाली, तसा अनेक ठिकाणी झुडुपांचा विस्तार झाला आणि त्सेत्से माशीला आश्रय मिळाला. युरोपीय शिकारी व अधिकारी यांनी जे निर्मनुष्य रान पाहिले ते सृष्टीच्या आरंभापासूनचे नव्हते, एका महामारीनंतरचे होते. ग्झिमेक यांनी ज्याला आदिम म्हटले त्याचे वय जेमतेम साठ-सत्तर वर्षांचे होते.

पुढील घटनांनी तर ग्रंथाच्या युक्तिवादाला अनपेक्षित वळण दिले. बुळकांडी वन्य कळपांत टिकून राहत नव्हती, ती गुरांकडून त्यांच्याकडे पुनःपुन्हा येत होती. उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचण्याची मोहीम यशस्वी झाल्यावर १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत वाईल्डबीस्टमधील रोग नाहीसा झाला. जगाची त्यापासून सुटका झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेले वाईल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा-चौदा लाखांवर गेले. गवत इतके खाल्ले जाऊ लागले की वणवे कमी झाले आणि कोवळी झाडे जगू लागली. मरणार म्हणून ज्यांच्यासाठी हाक दिली ते कळप वाढले, आणि वाढीचे प्रमुख कारण होते गुरांच्या अंगात टोचलेली लस. ग्झिमेक स्वतः पशुवैद्यक होते, म्हणून ग्रंथात या रोगाला मध्यवर्ती स्थान नसणे अधिकच खटकते. लसीचा परिणाम त्यांना आधी कळावा अशी अपेक्षा अन्यायाची होईल. परंतु गुरे आणि वन्य जनावरे यांचे भवितव्य परस्परांत गुंतलेले आहे, ही शक्यता त्यांनी विचारात घ्यावयास हवी होती.

मासाई गुराख्याला ती ठाऊक होती. जानेवारी ते मार्च या काळात ज्वालामुखीच्या राखेने समृद्ध झालेल्या आग्नेयेकडील आखूड गवताच्या माळावर वाईल्डबीस्टच्या माद्या वितात. तेथील गवतात दुभत्या मादीला लागणारी खनिजे भरपूर असतात. पण या नवजात पिल्लांकडून गुरांना एक प्राणघातक ज्वर जडतो. म्हणून मासाई त्या महिन्यांत उत्तम गवत समोर असतानाही गुरे दूर नेतात. पावसाळा सरला, पाणवठे आटले, की कळप पश्चिमेकडे व मग उत्तरेस मारा नदीकडे निघतात. झेब्रे उंच व राठ गवत खातात, मागून वाईल्डबीस्ट येतात, त्यांच्यामागून थॉम्सनची लहान हरणे उरलेला कोवळा पाला वेचतात. या क्रमात गुराख्याचीही एक जागा होती. ग्रंथाने ती स्पर्धकाची म्हणून रंगविली. वस्तुतः ती वळसा घालून जाणाऱ्या शेजाऱ्याची होती.

अर्थात् ग्रंथाचा मुख्य भौगोलिक निष्कर्ष खोटा ठरलेला नाही. कळप नकाशावरच्या रेषा ओलांडतात आणि रेषेपलीकडची जमीन गेली तर रेषेअलीकडचे अरण्यही टिकत नाही, हे त्यांनी विमानातून दाखवून दिले. त्याचा सर्वांत कटू पुरावा केनियातील लोइता माळावर मिळाला. तेथे वीण करून मारा प्रदेशात जाणारे सुमारे एक लाख वीस हजार वाईल्डबीस्ट १९७० नंतरच्या दशकात होते; १९९० नंतरच्या दशकाअखेर ते वीस-बावीस हजारांवर आले. कारण गुरे नव्हती, यंत्राने नांगरलेली गव्हाची विस्तीर्ण शेते होती. कळपांच्या वाटेत नांगर आला. आणि ज्याच्याविरुद्ध कैफियत लिहिली गेली तो गुराखी त्याच नांगरामुळे चराऊ रानाला मुकला.

१९५८ च्या करारान्वये मासाईंनी सेरेंगेटीचा त्याग केला, त्याबदली त्यांना न्गोरोन्गोरोत राहण्याचा हक्क मिळाला, आणि १९५९ मध्ये तो प्रदेश उद्यानापासून वेगळा झाला. ग्झिमेक यांचा या विभागणीला विरोध होता. २०२२ पासून टांझानियाच्या शासनाने न्गोरोन्गोरोतील मासाई कुटुंबांना दूर हांदेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे हलविण्यास आरंभ केला. समर्थनार्थ दिलेल्या कारणांत माणसांची व गुरांची वाढती संख्या आहे, आणि अरण्याचे रक्षणही आहे. न्गोरोन्गोरोच्या काठावर, जेथे मिखाएलला पुरले आणि १९८७ मध्ये निधन पावलेल्या पित्याची रक्षाही ठेवली, तेथून खालच्या विवरात अजून वाईल्डबीस्ट चरताना दिसतात. मासाईंच्या गुरांना मात्र त्या विवरात आता मज्जाव आहे.