इमान आणि इतबार : सुरत काँग्रेसच्या निमित्ताने नेतृत्वविचाराची एक चिकित्सा

मराठीत 'इमानेइतबारे' असा एक जोडशब्द रूढ आहे. त्यातील दोन्ही पदे अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आली आणि इतकी मुरली, की ती परकी आहेत हे सहसा जाणवत नाही. ही पदे समानार्थी मानून एका दमात उच्चारली जातात. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. इमान म्हणजे माणसाची स्वतःच्या धारणेशी, दिलेल्या शब्दाशी असलेली निष्ठा. ते त्याच्या स्वाधीन असते. इतबार म्हणजे दुसऱ्याने त्याच्यावर टाकलेला भरवसा. तो दुसऱ्याच्या स्वाधीन असतो. माणूस एकांतातही इमानदार राहू शकतो. इतबार मात्र एकट्याने मिळवता येत नाही.

नेतृत्वविषयक प्रचलित लेखनात हा भेद बहुधा हरवलेला दिसतो. एका पक्षाच्या मते नेतृत्व हे कौशल्य आहे. वक्तृत्व, नियोजन, वाटाघाटी आणि निर्णयक्षमता शिकवल्या की नेता घडतो. दुसरा पक्ष या यादीत 'चारित्र्य' या गुणाची भर घालतो आणि चारित्र्य असले की विश्वास आपोआप येतो असे गृहीत धरतो. पहिल्या मताचा अपुरेपणा उघड आहे. दुसऱ्या मताची तपासणी मात्र क्वचितच होते. ती करण्यासाठी डिसेंबर १९०७ मधील सुरतच्या काँग्रेस अधिवेशनाइतके बोलके उदाहरण आधुनिक भारताच्या इतिहासात सहसा सापडणार नाही.

कौशल्य होते, चारित्र्यही होते

तापीकाठच्या त्या मंडपात जमलेल्या नेत्यांकडे पाहावे. फिरोजशहा मेहता हे मुंबई महानगरपालिकेच्या कारभारात मुरलेले कायदेपंडित होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या वक्तृत्वाचा दबदबा देशभर होता. गोपाळ कृष्ण गोखले यांची अर्थसंकल्पावरील भाषणे सरकारलाही गांभीर्याने घ्यावी लागत. बाळ गंगाधर टिळक यांनी 'केसरी'च्या बळावर सामान्य माणसाला राजकारणात आणले होते. कौशल्याची उणीव कोणातही नव्हती.

चारित्र्याचेही तसेच. टिळकांनी १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात कारावास भोगला होता. गोखल्यांची त्याच वर्षीची कसोटी वेगळ्या प्रकारची होती. पुण्यात प्लेगच्या काळात सैनिकांकडून झालेल्या अत्याचारांविषयी त्यांनी इंग्लंडमध्ये विधान केले होते. परतल्यावर ते पुराव्यानिशी सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. अनेकांनी तिला भ्याडपणा म्हटले. पण जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे, आणि त्यासाठी स्वकीयांचा उपहास सोसणे, हेही धैर्यच होते.

असे असूनही २७ डिसेंबर १९०७ रोजी मंडपात खुर्च्या आणि काठ्या चालल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला आणि काँग्रेस दुभंगली. कौशल्य आणि चारित्र्य एवढेच पुरेसे असते, तर हे घडायला नको होते.

बिघडले कोठे?

या फुटीची मीमांसा बहुधा जहाल आणि मवाळ यांच्यातील तात्त्विक मतभेद म्हणून केली जाते. मतभेद खरेच होते. पण ते १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनातही होते. तेथे दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चार विषयांवर ठराव झाले आणि सभा एकत्र राहिली. एका वर्षात तत्त्वे फारशी बदलली नव्हती. परस्परांविषयीचा भरवसा मात्र उरला नव्हता.

तो कशाने गेला, हे पाहू जाता कारणे किरकोळ वाटावीत इतकी व्यावहारिक आहेत. अधिवेशन नागपूरला ठरले होते. तेथे वाद झाले आणि ते सुरतेस हलवण्यात आले. मवाळांचे वजन असलेल्या शहरात ते मुद्दाम नेले, असे जहालांना वाटले. अध्यक्षपदासाठी जहालांनी लाला लजपतराय यांचे नाव पुढे केले. निवड रासबिहारी घोष यांची झाली. चर्चेच्या विषयांची जी यादी वृत्तपत्रांतून आली, तीत कलकत्त्याचे महत्त्वाचे ठराव दिसेनात. ते वगळण्याचा हेतू नाही, मसुदे तयार होत आहेत, असा मवाळांचा खुलासा होता. परंतु छापील मसुदे टिळकांच्या हाती पडले ते अधिवेशन उघडण्याच्या सुमारास, आणि त्यांतील काही शब्द बदललेले होते. गोखल्यांच्या मते तो बदल संदिग्धता काढण्यापुरता होता. टिळकांच्या मते ती माघार होती.

दोघांपैकी कोणीही खोटे बोलत होता असे मानण्याचे कारण नाही. पण ज्याच्याविषयी भरवसा असतो त्याच्याकडून कागद उशिरा आला, तर छापखान्याला उशीर झाला असे आपण समजतो. ज्याच्याविषयी भरवसा नसतो त्याचा तोच उशीर कट ठरतो. घटना एकच असते. इतबार असणे-नसणे तिचा अर्थ ठरवते.

पुढचा प्रसंगही याच प्रकारचा आहे. २६ तारखेला सुरेंद्रनाथांचे भाषण गोंगाटात बुडाले आणि सभा तहकूब झाली. २७ तारखेला टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवून बोलण्याची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. घोष निवडून आल्याचे जाहीर होताच टिळक व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. सभेतून भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहांवर आदळला. एका चिठ्ठीला दोन ओळींचे उत्तर गेले असते तर फूट टळली असती, असा दावा करता येणार नाही. पण त्या उत्तराच्या अभावी टिळकांच्या अनुयायांची खात्री पटली, की आपले म्हणणे येथे ऐकलेच जाणार नाही.

दोन निवेदने आणि एक साक्षीदार

अधिवेशन मोडल्यावर दोन्ही पक्षांनी हकिकतीची स्वतंत्र निवेदने प्रसिद्ध केली. ती शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. घटनाक्रमाविषयी त्यांत मोठा वाद नाही. वाद आहे तो हेतूंविषयी. प्रत्येक पक्ष स्वतःचे वर्तन स्वतःच्या हेतूंवरून जोखतो आणि प्रतिपक्षाचे वर्तन परिणामांवरून. पुढील चरित्रवाङ्मयातही हाच दोष उतरला आहे. न. चिं. केळकर यांचे तीन खंडांतील टिळकचरित्र मराठीचे मोठे धन आहे. पण केळकर हे टिळकांचे निकटचे सहकारी होते, हे वाचकाला विसरून चालत नाही. चरित्रनायकाचे इमान सिद्ध केले की त्याच्या बाजूचा निवाडा झाला, ही समजूत टिळकपक्षाच्या आणि गोखलेपक्षाच्या लेखनात सारखीच आढळते.

हेन्री नेव्हिन्सन हा ब्रिटिश पत्रकार त्या मंडपात हजर होता. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द न्यू स्पिरिट इन इंडिया' या पुस्तकात त्याने एक दृश्य नोंदवले आहे : लोक टिळकांच्या अंगावर धावून येऊ लागले, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी हात पसरून उभे राहिले ते गोखले. सुरतेची खरी शोकांतिका या दृश्यात आहे. ज्याच्या मसुद्यावर टिळकांचा भरवसा नव्हता, तोच माणूस त्यांच्या देहाची ढाल झाला. गोखल्यांच्या चारित्र्याचा याहून मोठा पुरावा कोणता? आणि तरीही त्या पुराव्याने फूट टळली नाही. तो फार उशिरा आला होता.

वादाचे मूळ शिक्षकांच्या खोलीत

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने एक तपशील विशेष विचार करण्यासारखा आहे. या अविश्वासाची सुरुवात राजकारणात झालेली नाही. टिळक, आगरकर आणि गोखले हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील सहकारी. आजीव सदस्यांनी वेतनाखेरीज बाहेरील काम आणि प्राप्ती स्वीकारावी काय, या प्रश्नावरून तेथे वाद वाढत गेला. गोखल्यांनी पत्करलेले सार्वजनिक सभेचे कामही त्या वादाचा विषय झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली. १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. सुरतेच्या मंडपात जे फुटले, त्याला पुण्यातच तडा गेला होता. संस्थेतील लहान वाद मिटवले न गेल्यास ते त्या माणसांबरोबर पुढे मोठ्या संस्थांत जातात, हा धडा कोणत्याही शिक्षणसंस्थेने घ्यावा असा आहे.

लखनौ : इतबाराची दुसरी बाजू

सुरतेनंतर टिळकांना मंडालेचा सहा वर्षांचा कारावास झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीस टिळक आले आणि त्यांनी त्यांचा गौरव केला. डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला दुभंगलेली काँग्रेस पुन्हा एकत्र आली आणि तेथेच काँग्रेस व मुस्लीम लीग यांच्यात करार झाला.

हा करार टिळक आणि मुहम्मद अली जिना यांच्या सहकार्याशिवाय अवघड होता, आणि ते सहकार्य लखनौत अकस्मात जन्मले नव्हते. १९०८ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी न्यायालयात उभे राहिले ते जिना. १९१६ मध्ये टिळकांकडून वर्तनाचा जामीन मागण्यात आला, तेव्हाही उच्च न्यायालयात त्यांची बाजू जिनांनी लढवली आणि नोव्हेंबरमध्ये तो आदेश रद्द झाला. त्याही आधी, १८९७ मध्ये, टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते. अर्थात ती न्यायाधीशाची निष्पक्षता होती, राजकीय मैत्री नव्हे. १८९० च्या दशकातील टिळकांच्या राजकारणाविषयी अनेक मुस्लिमांच्या मनात शंका होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. लखनौत स्वतंत्र मतदारसंघ व राखीव जागा मान्य करण्याच्या बाजूने टिळकांनी आपले वजन टाकले आणि हिंदू महासभेच्या वर्तुळातून झालेला विरोध पत्करला, तेव्हा त्या शंकेला कृतीचे उत्तर मिळाले. स्वपक्षाची नाराजी पत्करून दिलेला शब्द प्रतिपक्षाला खरा वाटतो. इतबाराची किंमत अशी मोजावी लागते.

तथापि लखनौचेही आदर्शीकरण नको. स्वतंत्र मतदारसंघांचे तत्त्व योग्य होते काय, यावर आजही मतभेद आहेत. शिवाय तो भरवसा मुख्यतः नेत्यांमधला होता. जनतेत तो रुजवणारी व्यवस्था उभी राहिली नाही. १९२० मध्ये टिळक गेले, जिना काँग्रेसमधून बाहेर पडले आणि पुढच्या दशकात तो करार निष्प्रभ झाला. व्यक्तींवर उभा राहिलेला इतबार व्यक्तींबरोबर जातो.

निष्कर्ष

सुरत हे मोगल काळापासून हुंडीचे शहर. हुंडी वटते ती कागदाच्या सुबकपणावर नव्हे, लिहिणाऱ्याच्या पतीवर. आणि ही पत मागील प्रत्येक हुंडी वेळेवर वटल्याने तयार होते. नेतृत्वाचेही असेच आहे. कौशल्य म्हणजे हुंडी लिहिता येणे, इमान म्हणजे ती फेडण्याची दानत आणि इतबार म्हणजे समोरच्याने ती निःशंकपणे स्वीकारणे. १९०७ मध्ये पहिल्या दोन गोष्टी दोन्ही बाजूंना होत्या, तिसरी नव्हती.

म्हणून 'चारित्र्यवान नेता हवा' एवढे म्हणून थांबणे अपुरे आहे. चारित्र्य समोरच्याला दिसेल अशी कार्यपद्धतीही हवी : विषयपत्रिका वेळेवर जाणे, मसुदा सर्वांना आधी मिळणे, विरोधकाच्या चिठ्ठीला उत्तर देणे आणि दिलेला शब्द स्वतःला अडचणीचा झाला तरी पाळणे. प्राचार्य, विभागप्रमुख आणि संस्थाचालक यांना या गोष्टी कारकुनी वाटण्याचा संभव आहे. सुरतेच्या मंडपात मात्र त्यांच्याच अभावी देशातील सर्वांत मोठी राजकीय संस्था नऊ वर्षे दुभंगलेली राहिली.