परतीच्या वाटेचं पान

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनच्या मॅकिंटॉश कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरबरोबर माहितीपुस्तिका येते. तीत जोडण्या असतात, बटणांची ओळख असते, वॉटचे आणि विरूपणाचे आकडे असतात. शौकीन माणूस तेवढं वाचून पुस्तिका कपाटात ठेवतो. माझा जीव मात्र तिच्यातल्या पॅकिंगच्या पानावर जडला आहे. यंत्र दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर ते खोक्यात पुन्हा कसं भरायचं, हे सांगणारं हे पान आहे.

पानावर एक रेखाचित्र आहे. खोकं, वरची आणि खालची गादी, मधलं यंत्र, सगळं एकमेकांपासून सुटं करून एकाखाली एक मांडलेलं. खाली तक्ता: कोणता भाग, किती नग, त्याचा क्रमांक काय. आपण ज्याला रद्दी समजून माळ्यावर टाकतो, त्या पुठ्ठ्याला आणि फोमला इथे यंत्राच्या सुट्या भागांइतकाच मान आहे. हवा असेल तर त्यातला प्रत्येक भाग कंपनीकडून मागवता येतो.

मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा, पण त्यातली दोन वाक्यं मी पुन्हापुन्हा वाचतो. पहिलं वाक्य यंत्राच्या तळाच्या चार प्लास्टिकच्या पायांबद्दल आहे. पाय बसवलेलेच असले पाहिजेत, नाहीतर वाटेत नुकसान होईल, असं ते बजावतं. ‘होऊ शकेल’ असं नाही, ‘होईल’. हा ठामपणा अनुभवातून आलेला आहे. त्या पायांमुळे यंत्र खालच्या गादीवर नेमकं आपल्या जागी बसतं. पाय नसले की ते सरकतं, आणि वजनदार यंत्र खोक्यात सरकायला लागलं की पुढचं सगळं ओघानेच येतं.

हे कळायला वजन कुठे असतं ते पाहावं. १९६१ साली आलेल्या मॅकिंटॉशच्या ‘एमसी २७५’ या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दर चॅनेलला ७५ वॉट आणि वजन सुमारे ३० किलो. त्यातलं बहुतेक वजन ट्रान्सफॉर्मरांचं, म्हणजे लोखंडाचं आणि तांब्याचं. म्हणून यंत्राचा तोल मधोमध नसतो, ट्रान्सफॉर्मरांच्या बाजूला झुकलेला असतो. खोकं टेम्पोतून खाली आदळलं की पुठ्ठा थांबतो, ट्रान्सफॉर्मर थांबायला तयार नसतो. सगळा हिसका त्याच्या स्क्रूंवर आणि खालच्या पत्र्यावर येतो. पत्रा वाकतो, सोल्डरचे जोड केसाएवढे तडकतात. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, आणि मग एक चॅनेल मध्येच जातो, मध्येच येतो. मेकॅनिकला सगळ्यात जास्त छळणारा दोष हाच.

दुसरं वाक्य जुन्या खोक्याबद्दल आहे. मूळ खोकं आणि आतले भाग धडधाकट असतील तरच वापरा, असं ते सांगतं. वीस वर्षं खोकं जपलेल्या माणसाला हे ऐकायला कठीण जाईल. पण फोम म्हातारा होतो, दाबला की उसळत नाही, त्याचा भुगा होतो. ज्या गादीत उसळी नाही, तिचा यंत्राला आधार नाही.

या पानामागे एक परंपरा आहे. १९६२ पासून जवळजवळ तीन दशकं या कंपनीचे डेव्ह ओब्रायन गावोगावच्या विक्रेत्यांकडे मोजमापाची उपकरणं घेऊन जात. लोक आपला अ‍ॅम्प्लिफायर उचलून आणत, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. तो फुकट तपासला जाई आणि विरूपणाचा आलेख मालकाच्या हाती दिला जाई. विकलेल्या वस्तूची जबाबदारी विक्रीनंतरही आपल्याकडेच राहते, ही भावना त्या शिबिरांत होती, तीच या पानात आहे. यंत्र कधीतरी बिघडेल हे निर्मात्याने आधीच मान्य केलं आहे आणि परतीची वाट आखून दिली आहे.

आपल्याकडे बहुतेकांच्या यंत्राला असं पान नसतं, मूळ खोकंही नसतं. तरी त्यातला विचार घेता येतो. प्लग काढा, पण झाकण उघडू नका, कारण कपॅसिटरमध्ये वीज बराच वेळ साठून राहते. बाहेरून काढता येणारे व्हॉल्व्ह थंड झाल्यावर काढा, कोणता कुठला ते लिहा आणि वेगळे गुंडाळा. एकात एक अशी दोन खोकी घ्या आणि मध्ये घट्ट फोम भरा, कारण वर्तमानपत्राचे बोळे ३० किलोखाली चपटे होतात. उचलायला दोघं लागतात. मेकॅनिक गावातलाच असेल तर कुरिअरच्या नादी न लागता स्वतःच्या गाडीतून, यंत्र आडवंउभं न करता, पायांवर ठेवून न्या.

आणि नवं यंत्र घ्याल तेव्हा विक्रेत्याला वॉट विचारण्याआधी एवढं विचारा: हे दुरुस्तीला कुठे जाईल, आणि कशात भरून जाईल? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार आहे, त्याच्याकडूनच घ्या.