बोटभर खुर्ची

गेल्या दिवाळीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हॉलंडहून चांदीची एक खुर्ची पाठवली. उंची माझ्या करंगळीएवढी. सोबत चिठ्ठी होती : “सर, ही अठराव्या शतकातली, अ‍ॅमस्टरडॅमच्या कारागिराची. दुकानदाराने खात्री दिली आहे.” सौभाग्यवतीने ती कौतुकाने काचेच्या कपाटात मांडली आणि म्हणाली, “भातुकलीतली दिसते!”

पण भातुकली मुलींची असते. हॉलंडात या चिमुकल्या चांदीचा खरा शौक प्रौढ आणि सधन स्त्रियांचा. सारा रोथे नावाच्या बाईने १७४३ साली लिलावात जुनी बाहुलीघरे घेतली आणि त्यांतून आपली दोन घरे सजवली. मोठ्या कपाटाएवढी ती घरे आज हेग आणि हार्लेम येथील संग्रहालयांत आहेत. आत चांदीची भांडीकुंडी, जिथल्या तिथे.

त्या शतकातला या कामाचा गाजलेला कारागीर म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचा अर्नोल्डस व्हान गेफन. त्याच्या वस्तूंची छायाचित्रे मी वर्षभर पाहत आहे. (मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, डच मला येत नाही, चित्रांना भाषा लागत नाही, एवढाच आधार.) माणसांच्या मूर्ती मला फारशा भावल्या नाहीत, सगळे चेहरे एकाच आईचे वाटतात. पण त्या परंपरेतली चहादाणी पाहावी! झाकण उघडते, कडी हलते. आकार घटला, पण वस्तूचा स्वभाव घटला नाही. लघुकथा लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना हे क्वचितच साधते.

आता ठशांविषयी. जुन्या अ‍ॅमस्टरडॅमच्या चांदीवर चार ठसे शोधायचे : मुकुटाखाली तीन फुल्या हा शहराचा, मागच्या पायांवर उभा मुकुटधारी सिंह हा हॉलंड प्रांताचा, म्हणजे उंची चांदीचा, वर्षाचे अक्षर, आणि कारागिराचा स्वतःचा. बोटभर वस्तूवर चारही मावत नाहीत, एकदोनच सापडतात. १८१४ पासून नवी राजवटी पद्धत आली. लहान जिनसांवर तलवारीचा ठसा पडू लागला. अर्थ असा, की हजारांत निदान ८३३ भाग चांदी आहे. शिवाय १८५३ ते १९२७ या काळात जुनी डच वस्तू पुन्हा बाजारात आली तर तिच्यावर कुऱ्हाड उमटवीत. तेव्हा तलवार की कुऱ्हाड, यावर शंभर वर्षांचा फरक पडू शकतो.

घड्याळजीकडून भिंग आणून मी खुर्ची उलटी केली. तीन फुल्या होत्या, सिंहही होता, पण मांजरासारखा. आणि मागच्या पायाच्या आतल्या अंगाला तांदळाच्या कणीहून लहान तलवार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढेही जुन्या नमुन्यांच्या नकला हॉलंडात भरपूर झाल्या. खोटे जुने ठसे हौसेने मारले जात, सरकारी तलवार मात्र खरी असे. चांदी खरी, वय खोटे.

मला राग आला तो स्वतःचा. भिंगाची गरजच नव्हती. खुर्चीच्या पाठीवरची वेलबुट्टी पुसट आहे, पाने एकमेकांत वितळली आहेत. ओतीव वस्तूवरून पुन्हा साचा घेतला की उठावाची धार अशी जाते. हे उघड्या डोळ्यांना दिसत होते. ‘अठरावे शतक’ या शब्दांनी ते वर्षभर झाकले. नवी आहे म्हणून ती उणी नाही. काम गुळगुळीत आहे, म्हणून उणी. मुलांच्या निबंधातला उतरवून काढलेला उतारा मी एका नजरेत ओळखतो, तो मी!

हे सारे मनातच ठेवले असते. पण परवा त्याचे पत्र आले : त्याच दुकानात त्याच कारागिराचा चहाचा संच आहे, तीन महिन्यांची शिल्लक टाकून घेणार आहे, अर्धा सरांसाठी.

रात्री उत्तर लिहिले. खुर्चीबद्दल एक ओळ, ती कपाटातच राहील अशी. मग संचाबद्दल : “चि. बाळ, ठसे शेवटी पाहा. आधी चहादाणीचे झाकण उघडून बघ.” तलवारीचे चित्र खाली काढले आहे, वाकडे आले, पण ओळखू येईल.