कोंडणारा मालक आणि कोंडलेली बाई

'डार्क रोमान्स' नावाच्या कादंबऱ्यांचं पेव सध्या फुटलंय. मामला ठरलेला. श्रीमंत, ताकदवान, आतून जखमी असा एक पुरुष बाईला पळवतो, कोंडतो, छळतो आणि दोन-तीनशे पानं उलटली की ती त्याच्यावर जीव टाकते. सी. जे. रॉबर्ट्सची 'कॅप्टिव्ह इन द डार्क' (2011) घ्या, नाहीतर एच. डी. कार्ल्टनची 'हाँटिंग अ‍ॅडलीन' (2021). लिहिणाऱ्याही बाया, वाचणाऱ्याही बहुतेक बायाच. मोबाईलवर हप्त्याहप्त्यानं येणाऱ्या मराठी-हिंदी जबरदस्तीच्या लग्नाच्या गोष्टी ही त्यांचीच गरीब भावंडं. आमच्या गिरणीतल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत ह्याच वाचतात. आणि आपले कार्यकर्ते मित्र अभ्यासवर्गात बसून खुशाल म्हणतात, ह्या बायांना गुलामीच गोड लागते.

दोस्तांनो, हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे. आपल्या माणसांबद्दल सवर्ण शेकडो वर्षं हेच बोलत आले. तेच वाक्य आपण उचलून बायांच्या तोंडावर मारायचं?

मुळात ह्या पुस्तकात बाईला काय मिळतं ते बघा. खऱ्या आयुष्यात ज्याच्या हातात बाईची किल्ली असते, तो नवरा असो, मुकादम असो, मालक असो, त्याला तिच्या मनाची गरज पडत नाही. भाकरी वेळेवर मिळाली, माल वेळेवर उतरला, संपलं. ती रात्री कशानं जागी राहिली हे तो कधी विचारत नाही. कादंबरीतला मालक मात्र तिच्या एका शब्दासाठी तडफडतो. सगळं बळ त्याच्याकडं, तरी शेवटी गुडघ्यावर येणारा तोच. सत्तेला तिची गरज पडली, ह्या एका कल्पनेवर अख्खा धंदा उभा आहे. शिवाय भीती वाटली की पुस्तक मिटता येतं. कोंडलेली ती कागदावरची, वाचणारी मोकळी. जॅनिस रॅडवे ह्या अमेरिकन अभ्यासक बाईनं नेहमीच्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींना गाठून 1984 साली पुस्तक लिहिलं. त्या बायांनी तिला सांगितलं की वाचनाचा तेवढा वेळ आमचा स्वतःचा, त्यात नवऱ्या-पोरांनी हाका मारायच्या नाहीत. ह्यात गुलामीची हौस कुठं आली?

तेव्हा बाईला झोडपणं सोडा. झडती घ्यायची तर त्या मालकाची घ्या. त्याची जात विचारा.

ई. एम. हल ह्या इंग्रज बाईनं 1919 साली 'द शेख' लिहिली. ह्या जातीच्या कादंबऱ्यांची ही थोरली आजी. डायना मेयो ही गोरी पोरगी अल्जीरियाच्या वाळवंटात फिरायला जाते. अहमद बेन हसन तिला पळवून तंबूत ठेवतो, बलात्कार करतो. पुढं ती त्याच्या प्रेमात पडते. 1921 साली व्हॅलेंटिनोला घेऊन सिनेमा निघाला, त्यात बलात्कार गाळला. पण गंमत पुस्तकाच्या शेवटाला आहे. कळतं काय, तर शेख अरब नाहीच! बाप इंग्रज उमराव, आई स्पॅनिश. म्हंजे पळवलं ते खपलं, अंगावर हात टाकला तेही खपलं, फक्त रक्त बाटलेलं खपेना. त्यासाठी लेखिकेला शेवटी जन्मदाखला काढावा लागला. आपल्याकडं पत्रिका काढतात तसा.

दुसरं पुस्तक कॅथलीन वुडिविसचं, 'द फ्लेम अँड द फ्लावर', साल 1972. मुंबईत दलित पँथर जन्मली ते साल. ह्यातला ब्रँडन जहाजाचा कप्तान. हीदरला वेश्या समजून तो जहाजावर तिच्यावर जबरदस्ती करतो. दिवस राहतात, धाकानं लग्न लागतं, तो तिला अमेरिकेत चार्ल्स्टनजवळच्या आपल्या मळ्यावर नेतो. तिथं प्रेम उमलतं. मळा कुणाच्या जिवावर चालतो? काळ्या गुलामांच्या. ते दारं उघडतात, पाणी तापवतात, नव्या मालकिणीचं कौतुक करतात. गोरी कैदीण प्रेमानं मालकीण झाली, आणि जे खरोखर कैदेत होते ते घरातल्या सामानासारखे कोपऱ्यात उभे. वाचताना माझं डोकं फिरलं ते बलात्काराच्या पानावर फिरलंच, पण ह्या पानांवर जास्त.

त्याच मुलखातल्या एका खऱ्या कोंडलेल्या बाईचं पुस्तक आहे. हॅरिएट जेकब्ज, नॉर्थ कॅरोलायना, जन्मानं गुलाम. पंधराव्या वर्षापासून मालक मागं लागला. तुझ्यासाठी गावाबाहेर घर बांधतो, तुला बाईसाहेब करतो, असं आमिष. डार्क रोमान्सचं पहिलं प्रकरण तंतोतंत हेच! पण हॅरिएटला त्याच्या आत दडलेलं जखमी मन दिसलं नाही. तिला मालक दिसला. ती पळाली आणि आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, जिथं सगळ्यात उंच तिथं तीन फूट. उभं राहणं नाही. भोक पाडून खाली खेळणारी आपली लेकरं बघायची. 1842 साली उत्तरेला निसटली. 1861 साली टोपणनावानं पुस्तक आलं. त्याचा शेवट लग्नात होत नाही, सुटकेत होतो, आणि हे ती वाचकाला बजावून सांगते. तर विद्वानांनी काय करावं? शंभराहून जास्त वर्षं ही कादंबरीच असणार, गोऱ्या बाईनं लिहिली असणार, असं धरून चालले. 1981 पासून जीन फॅगन येलिननं कागदपत्रं काढून दाखवली तेव्हा तोंडं बंद झाली. आपल्या आत्मकथनांना 'वाङ्मय आहे का हे' म्हणून विचारणारे समीक्षक आठवले ना?

जोतिबांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. तेव्हा हॅरिएट आपल्याला परकी नाही.

आता 'डार्क' ह्या शब्दाबद्दल. नायकाचं मन काळं असलेलं चालतं, कातडी सहसा गोरी. काळ्या कातडीच्या पोराला हा खेळ परवडत नाही. 1955 साली मिसिसिपीत एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या पोरानं दुकानातल्या गोऱ्या बाईला पाहून शीळ घातली असं म्हणत त्याला मारून नदीत टाकला. मारेकरी सुटले. आपल्याकडं 2014 साली खर्ड्यात सतरा वर्षांचा दलित पोरगा सवर्ण मुलीशी बोलतो ह्या संशयावरून मारला, झाडाला लटकवला. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. उमरावाच्या पोरानं बाई पळवली तर चारशे पानांची प्रेमकथा होते. आमच्या पोरानं नुसतं बोलावं तर पंचनामा.

पोरींच्या हातातलं पुस्तक हिसकावू नका. पुढच्या वर्गाला 'द शेख' आणि हॅरिएटचं पुस्तक दोन्ही ठेवा. इंग्रजी येणाऱ्यानं मोठ्यानं वाचून मराठीत सांगावं. कुणाचं कुठलं पान खोटं वाटतं ते पोरींनाच बोलू द्या, आणि त्या बोलतील तेव्हा आपण मधे तोंड घालायचं नाही.