शिलावर्तुळांचे वर्णन : दोन पूर्वसूरींच्या लेखनाचा परामर्श

दख्खन व विदर्भ येथील महापाषाणीय अवशेषांविषयीचे एकोणिसाव्या शतकातील लेखन आज बहुधा माहितीसाठीच चाळले जाते. परंतु पाहिलेली वस्तू आणि तिच्याविषयी केलेला तर्क यांचा संबंध त्या लेखनात कसा राखला गेला आहे, हे तपासणेही तितकेच अगत्याचे आहे. त्या दृष्टीने फिलिप मेडोज टेलर व जे. एच. रिव्हेट-कार्नाक या दोघांची तुलना उद्बोधक ठरते.

टेलर हा कादंबरीकार. ‘कन्फेशन्स ऑफ ए थग’ ही त्याची कादंबरी १८३९ साली निघाली. शोरापूर प्रदेशातील दफनांविषयी रॉयल आयरिश अकॅडमीतर्फे प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शीर्षकातच त्याने या अवशेषांना केल्टिक, ड्रुइडिक किंवा सिथियन ठरविले. शीर्षक वाचून कल्पनाविलासाची अपेक्षा करावी, तो त्याची छेदचित्रे समोर येतात. त्यांत मातीचे थर, दगड व अस्थी आपापल्या जागी संयमाने दाखविलेली आहेत. पुढे मॉर्टिमर व्हीलरनेही या छेदचित्रांची प्रशंसा केली. टेलरचे शीर्षक आज त्याज्य झाले, चित्र मात्र टिकले. कारण चित्रात त्याने पाहिले तेवढेच मांडले.

रिव्हेट-कार्नाक हा मुलकी अधिकारी. नागपूरजवळील जुनापाणी येथील वर्तुळांविषयी त्याने १८७९ साली लिहिले. वर्तुळांतील दगडांवरचे वाटीसारखे लहान खळगे सहज नजरेतून सुटावेत असे. ते त्याने टिपले, हा त्याच्या निरीक्षणाचा विशेष होय. परंतु युरोपातील तशाच खुणांशी असलेले साम्य त्याला इतके मोहविते की, स्थानिक प्रश्न मागे पडतात. आकृतीचे साम्य म्हणजे वंशाचे वा संस्कृतीचे नाते नव्हे. बी. के. थापर यांनी १९६१-६२ साली जुनापाणी येथे केलेले उत्खनन आणि त्यानंतर शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहूरझरी येथे केलेली उत्खनने यांमुळे लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी मृद्भांडी आणि अश्वाचे महत्त्व यांवर आधारलेले लोहयुगीन जीवन प्रकाशात आले. ड्रुइडांची मग गरज उरली नाही.

या परामर्शाचे प्रयोजन केवळ ऐतिहासिक नाही. विदर्भातील वर्तुळे प्रायः ठेंगणी असून पावसाळ्यानंतरच्या गवतात व झुडपांत अर्धी बुडालेली असतात. अशा वेळी गेलेल्या अभ्यासकाने ‘येथे अवशेष नाहीत’ असे लिहिले, तर त्याचा खरा अर्थ ‘मला दिसले नाहीत’ एवढाच होतो. म्हणून भेटीचा महिना, झाडोऱ्याची दाटी व चाललेला मार्ग यांची नोंद वर्णनाचा अविभाज्य भाग मानली पाहिजे. शेत काढताना वा बांधकामासाठी दगड हलविले गेले की वर्तुळ नष्ट होते, आणि मागे लिखित वर्णनाखेरीज दुसरा पुरावा उरत नाही. त्या वर्णनात तर्क निरीक्षणात मिसळून गेला असेल, तर पुढील संशोधकाला दोन्ही निरुपयोगी होतात.

टेलर व रिव्हेट-कार्नाक यांचे निष्कर्ष आपण सोडून देऊ शकतो, याचे श्रेयही त्यांनाच आहे. कारण ते सोडल्यावरही त्यांच्या लेखनात काही शिल्लक राहते. आपल्या क्षेत्र-टिपणांविषयी असे म्हणता येईल काय, ही कसोटी प्रत्येक अभ्यासकाने स्वतःस लावून पाहावी.